फोडणी ऐकायला शिकताना

कढीपत्ता तेलात किती वेळ ठेवायचा, या साध्या प्रश्नाला माझ्या आईकडे दोन उत्तरं आहेत. एक, ‘पानं पडली की झालं, लगेच पाणी वत.’ दुसरं, ‘गडबड करू नगंस, अजून होऊ दे. अजून.’ तेल तेच, पानं तीच, कढई तीच आणि सांगणारीही तीच. एका मापाला एकच आकडा असतो या श्रद्धेवर ज्याचं पोट चालतं, त्याला हे पचणं अवघडच होतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. इंजिनात बसणारे सुटे भाग ड्रॉइंगप्रमाणे उतरलेत की नाही हे बघायचं, एवढंच काम. ड्रॉइंगवर माप असतं, मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो. भाग त्यात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. ऑपरेटर कितीही जुना असो, ‘मला वाटतं बरोबर आहे’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. अशा माणसावर स्वयंपाकघर आलं ते बायकोला बढती मिळून तिची बदली नागपूरला झाली म्हणून. मुलगा दहावीला, त्याची शाळा इथली, त्यामुळे आम्ही बापलेक पुनावळ्यातच राहिलो. पोळ्या करायला एक ताई येतात. भाजी, आमटी आणि मुलाला अभ्यास करताना मधूनमधून लागणारं खाणं, हे सगळं माझ्या वाट्याला आलं.

पुनावळं १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण खरं शहर झालं ते हिंजवडीचा पसारा आणि मुंबई–बंगळुरू महामार्ग यांच्यामध्ये सापडल्यावर. आमच्या बाराव्या मजल्यावरून बघितलं तर एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला अर्धे टॉवर आणि मधेच कुणाचं तरी कौलारू घर, गोठा, शेवग्याचं झाड. बाहेरून मागवून खायची सोय इथे इतकी आहे की चूल पेटवली नाही तरी कुणी उपाशी राहत नाही. आम्हीही सुरुवातीला तसंच केलं. पण रोज त्याच लाल तवंगाच्या भाज्या खाऊन मुलगाच एकदा म्हणाला, ‘बाबा, साधी आमटी मिळेल का?’

साध्या आमटीला तेल लागतं. तेल आणायला दुकानात गेलो आणि तिथेच पहिला फटका बसला. भिंतभर तेलं. सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा, सरकी, करडई, राइस ब्रान, पाम. रिफाइंड, फिल्टर्ड, घाण्याचं. पिशवीवर ठळक ‘१ लिटर’ आणि खाली बारीक अक्षरात ‘९१० ग्रॅम’. हे मात्र मला कळलं आणि बरं वाटलं: तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. एवढ्या ज्ञानावर तेल निवडता येत नाही. पोळ्यांच्या ताई परभणीकडच्या, त्यांनी सांगितलं, ‘दादा, करडईचं आणा, आमच्याकडे तेच.’ बायकोने नागपूरहून फर्मान काढलं, ‘अहो, सूर्यफुलाचं आणा, तब्येतीकडे बघा.’ आई सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात असते. ती म्हणाली, ‘शेंगतेल आण. बाकीची कसली तेलं?’ आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलकडून, सूर्यफूल रशिया-युक्रेनच्या बाजूने. २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं तेव्हा इकडे पिशवीचा भाव चढला होता, हे मला बायकोच्या त्रासिक चेहऱ्यामुळे आठवत होतं. त्या सगळ्या जगात आईचं शेंगतेल मला सर्वांत जवळचं वाटलं. शेजारच्या रस्त्यावर एकाने लाकडी घाणा टाकला आहे, तिथून आणलं. त्या तेलाला शेंगा भाजल्याचा वास होता, रंग जरा गडद होता आणि रिफाइंडच्या मानाने ते लवकर धुरावायचं. रिफाइंड शेंगदाणा तेल सव्वादोनशे अंशांच्या पुढे जाऊन धूर सोडतं, घाण्याचं साधारण १६० अंशांनाच धुराकडे झुकतं.

कढीपत्ता मिळवायला मात्र अक्कल लागली नाही. महामार्गाखालचा भुयारी मार्ग ओलांडून आत आलं की कोपऱ्यावर एक आजी भाजी घेऊन बसतात. मेथी, चाकवत, अंबाडी आणि एका ओल्या फडक्याखाली कढीपत्त्याच्या डहाळ्या. पूर्वी कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट मिळायचा. आता मोबाइलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या भाजीत तो प्लॅस्टिकच्या डबीत वजन करून येतो. आजींकडे अजून जुनं चालतं. दहाची कोथिंबीर घेतली की वर चार काड्या ठेवतात. पानं त्यांच्या दारातल्या झाडाची. ‘आमच्या झाडाला वास हाय, बघा,’ म्हणत त्या एक पान चुरगाळून नाकाजवळ धरतात. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, आमच्या सोसायटीला वर टँकर लागतो. त्या झाडाला काही लागत नाही. फार तर उरलेलं आंबट ताक बुंध्याशी पडतं.

आता फोडणी. बायकोच्या कपाटात ‘रुचिरा’ होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि लग्न झालेल्या मुलीच्या सामानात जाऊन बसलं, तसंच आमच्याही घरी आलेलं. कमलाबाईंचं मोठेपण असं की त्यांनी वाटी आणि चमचा हे माप धरलं. वजनकाटा नसलेल्या घरातही पदार्थ जमावा, हा त्यामागचा हिशेब. मला तर ते पुस्तक फारच आवडलं, कारण त्यात आकडे होते. पण फोडणीपाशी आलो की आकडे संपायचे. तेल किती ते कळायचं, मोहरी किती ते कळायचं. कढीपत्ता घातल्यापासून पुढचा जिन्नस घालेपर्यंत किती सेकंद, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

म्हणून मी माझ्या पद्धतीने गेलो. लांबून तापमान मोजायची बंदूक माझ्याकडे आहे, कामाच्या सवयीने घेतलेली. ती कढईवर धरली. तेल तापलेलं दिसतंय, बंदूक सांगते सत्तर अंश. मग लक्षात आलं की चकचकीत धातूवर ही बंदूक भलतंच कमी दाखवते, कारण तसा धातू उष्णता फारशी बाहेर फेकत नाही. दोन चमचे तेल म्हणजे बुडाला लागलेला पातळ थर. बंदुकीला तेलापेक्षा खालचं स्टीलच जास्त दिसत होतं. कारखान्यात यावर काळी पट्टी चिकटवतात. कढईत पट्टी चिकटवायचा विचार मी केला, हे कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला आणि फोडणी फोनवर सुरू झाली. ‘तेल तापू दे. मोहरीचा एक दाणा टाकून बघ. फुटला का?’ फुटला. ‘आता मोहरी टाक. तडतड संपत आली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता, मग हळद.’ मी नुकताच नळाखाली धुतलेला कढीपत्ता मुठीत धरला होता. तो जसाच्या तसा तेलात सोडला.

त्यानंतर ओट्यावर काय झालं ते सांगण्यात फार अर्थ नाही. कढईतून तेलाचे शिंतोडे टाइल्सवर, माझ्या मनगटावर आणि मुलाच्या रसायनशास्त्राच्या वहीवर पोचले. वही तिथे का होती, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मी पाण्याच्या वाफेवरचा धडा करत होतो.’

कारण खरोखर तेच होतं. पाणी तेलापेक्षा जड. थेंब तेलात पडला की खाली बुडतो, तिथे शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेलं तेल असतं, थेंबाची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. वर असलेलं तेल बाजूला सारूनच ती बाहेर पडते. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये, गॅस बंद करून झाकण ठेवावं, हे जे लहानपणापासून ऐकतो त्याच्यामागेही हीच वाफ आहे. तेव्हापासून आमच्या घरी कढीपत्ता रात्रीच धुऊन, कापडावर पसरून, पूर्ण कोरडा झाल्यावर डब्यात जातो. डब्याच्या तळाशी कागद. ओला ठेवला की चार दिवसांत काळा पडतो.

कोरड्या पानांनीही तडतड होतेच, फक्त शिस्तीत. ताज्या पानात वजनाच्या जवळपास दोनतृतीयांश पाणी असतं. वरून पुसलं तरी आतलं कुठे जाणार? मोहरीचा दाणा फुटतो तोही आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली म्हणून. म्हणजे फोडणीत आपण जे ऐकतो ते बहुतेक सगळं पाण्याचं बाहेर पडणं. तेल स्वतः काही बोलत नाही.

एवढं कळल्यावर आईच्या क्रमालाही अर्थ दिसू लागला. मोहरी आधी, कारण तिला सगळ्यात जास्त ताप लागतो. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आत हिंगाबरोबर पीठ आणि डिंक आहे. पीठ म्हटल्यावर ते फार वेळ तेलात राहिलं की करपणारच. (तो हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येतो. आपल्याकडे त्याची रोपं लावायला सुरुवात झाली ती २०२० साली, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात.) मग कढीपत्ता. तो स्वतःचं पाणी घेऊन येतो, त्यामुळे तेलाचा ताप चटकन उतरतो. आणि त्या उतरलेल्या तेलात हळद. हळद आधी घालून बघितली तर ती डोळ्यांदेखत तपकिरी झाली आणि आमटीला औषधाचा वास आला. आईला यातलं वाफेचं गणित माहीत नाही. तिला एवढं माहीत आहे की ‘पानं पडली की तेल गप होतं, मग हळद टाकायची.’

पण मूळ प्रश्न तसाच होता. किती वेळ? आई म्हणाली, ‘फोन कढईजवळ धर, मी सांगते.’ मी धरला. मोहरी टाकली. ती म्हणाली, ‘टाक की.’ मी म्हणालो, ‘टाकली.’ ‘मग आवाज कुठाय? तेल तापलंच न्हाई तुझं.’ इकडे स्वयंपाकघर दणाणत होतं. मी ओरडून सांगितलं, ‘अगं, फुटतेय मोहरी.’ तिला माझं ओरडणं अगदी स्वच्छ ऐकू गेलं. मोहरी काही ऐकू गेली नाही. ‘आरं, मला काय येडी समजतोस व्हय? न तापलेल्या तेलात फोडणी घालतोयस आणि वर सांगतोयस फुटली म्हणून!’ तोवर इकडे मोहरी जळून गेली.

उलगडा मुलाने केला. ‘बाबा, कॉलवर बोलताना फोन मागचा गोंगाट गाळून टाकतो. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं कचरा समजून काढायचं, असं त्याला शिकवलेलं असतं.’ म्हणजे जे ऐकण्यासाठी फोन लावला होता, तेवढंच वगळून बाकी सगळं कोरेगावला पोचत होतं. ज्या इंजिनियरने हे केलं त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग आम्ही बोलणं सोडलं आणि व्हिडिओ काढायला लागलो. व्हिडिओत आवाज बऱ्यापैकी येतो. मुलगा मोबाइल धरायचा, मी फोडणी करायचो आणि क्लिप कोरेगावला जायची. तिकडे माझी पुतणी ती आजीला लावून दाखवायची आणि आईचा निकाल व्हॉइस मेसेजवर यायचा. ‘हितं थांबायला पायजे हुतं.’ ‘हितं पानं टाकायला उशीर केलास.’ ‘ही बरी हाय. पण गॅस मोठा हाय.’ आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नाकारत आलो. आता माझा माल बसल्या जागेवरून नाकारला जात होता, आणि तोही कुठलंच गेज न लावता. मी एकदा वैतागून विचारलं, ‘तुला बघून कळतं तरी कसं?’ ती म्हणाली, ‘बघतंय कोण? मला काय ते बारकं दिसतंय व्हय? मी ऐकते.’

आईच्या निकालांमध्ये काहीच संदिग्ध नव्हतं. मला सेकंद हवे होते आणि ती सेकंद देत नव्हती, म्हणून मला ते संदिग्ध वाटत होतं. सेकंद दिले असते तरी उपयोग नव्हता. तेल दोन चमचे की चार, कढई लोखंडी की स्टीलची, पानं कोवळी की जून, आदल्या दिवशीची की आजची, यातलं काहीही बदललं की सेकंद बदलतात. आवाज मात्र या सगळ्याचा हिशेब स्वतःच करून येतो. पान जून असेल, पाणी जास्त असेल, तर तो जास्त वेळ चालतो. पुस्तकात जे छापता येत नाही ते कढई दर वेळी नव्याने सांगते, तेही त्या दिवसाच्या पानांपुरतं.

तरीही आईची दोन उत्तरं जुळत नव्हती. आमटीला ‘लगेच’ आणि चिवड्याला ‘अजून’. ती जुळली ती चिवडा सादळल्यावर.

आमटीतलं पान कशासाठी असतं, ते आधी सांगतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आणि त्याचा वास पानातल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी त्या वासातली मुख्य द्रव्यं शोधली, त्यांत १-फेनिलइथेनथायॉल नावाचं एक गंधकयुक्त द्रव्य सगळ्यांत जोरकस निघालं. ते फार थोडं असतं, पण नाकाला तेवढंच पुरतं. ही द्रव्यं तेलात चांगली विरघळतात आणि तापवत ठेवली तर उडून जातात. त्यामुळे आमटीच्या फोडणीत पानाने तेलात पडायचं, वास तेलाच्या हवाली करायचा आणि तेवढ्यात वरून पाणी किंवा वरण पडायला हवं, म्हणजे वास घरभर जाण्याऐवजी पातेल्यात राहतो. पुढे ताटात ते पान आपण कडेला काढून ठेवतो, ते काही वाया जात नाही. त्याचं काम आधीच झालेलं असतं. वाळवलेल्या पानांची फोडणी फिकी का लागते, तेही यातच आलं. माझी चुलत बहीण न्यू जर्सीत असते. तिला इथून ताजी पानं नेता येत नाहीत, कारण लिंबूवर्गीय झाडांचा एक भयंकर रोग पसरवणारा बारीक किडा कढीपत्त्यावर जगतो. फ्लॉरिडात तो किडा १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला, संत्र्यांच्या बागाच्या बागा गेल्या. म्हणून ती घरात कुंडी ठेवते, हिवाळ्यात ती कुंडी खिडकीशी हलवते आणि एकेक काडी मोजून तोडते. आजींनी वर ठेवलेल्या चार काड्यांचा फोटो मी तिला पाठवला. तिने रागावल्याचं चित्र पाठवलं.

चिवड्याचं वेगळं. श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना मी पातळ पोह्यांचा चिवडा केला. पोहे कढईत मंद आचेवर कोरडे भाजून कुरकुरीत केले. तेलात शेंगदाणे, पंढरपुरी डाळं, खोबऱ्याचे काप, हिरवी मिरची आणि शेवटी कढीपत्ता, आमटीच्या सवयीने पडल्या पडल्या हळद आणि पोहे. त्या रात्री चिवडा झकास होता. दोन दिवसांनी डबा उघडला तर पोहे मऊ, चामट. मला वाटलं पावसाळी हवा. आईने क्लिप मागवली, ऐकली आणि म्हणाली, ‘पानं बोलत हुती की अजून. तवर पोहे टाकलेस.’

पुढच्या खेपेला मी फक्त पानांकडे बघत बसलो. शेंगदाणे, खोबरं, मिरची तळून बाजूला काढली होती. कढईत बोटभर तेल आणि मंद आच. काडीवरून उलट्या बाजूने ओरबाडून काढलेली मूठभर पानं सोडली. पहिल्या क्षणी सगळं तेल पांढऱ्या फेसाखाली गेलं आणि आवाज पावसाच्या सरीसारखा एकसंध झाला. पानं वर आली, मुरडली, त्यांचा मातकट हिरवा रंग जाऊन काचेसारखा हिरवा चढला. आमटी असती तर इथेच थांबायचं. मी थांबलो नाही. मोठे बुडबुडे विरळ झाले आणि प्रत्येक पानाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची झालर उरली. मग कडाही शांत झाल्या. फक्त मधल्या शिरेतून एकामागून एक बुडबुडे निघत राहिले, कारण पानाचं पाणी सगळ्यात शेवटी तिथेच असतं. आवाज आता सलग नव्हता, सुटासुटा होता. टिक. टिक. मग तोही थांबला. झाऱ्याने पानं हलवली तर ती एकमेकांवर वाजली. तोवर रंग गडद झाला होता, पण तपकिरी नाही. त्या क्षणी पानं काढली नाहीत तर मात्र खैर नसते: पाणी होतं तोवर त्यानेच पानाला जळण्यापासून वाचवलं होतं; पाणी संपलं की ताप थेट पानाला लागतो.

आमटीत पानाचा वास हवा असतो, म्हणून आवाज उठता उठता थांबायचं. चिवड्यात पान कोरडं हवं असतं, म्हणून आवाज बंद पडेपर्यंत थांबायचं. नाही तर शिरेत राहिलेलं पाणी डब्यात पोहे पितात. आईची दोन उत्तरं दोन कामांची होती. हिरव्या मिरचीच्या कापांनाही हाच नियम लागतो आणि त्या पानांपेक्षा जास्त वेळ घेतात. पुढे बटाटेवड्याला, पुरीला, पापडालाही हेच कानाने लागू पडत गेलं. वडा तेलात सोडला की कल्लोळ, मग कल्लोळ उतरतो. पुरता उतरण्याआधी काढला तर कवच लगेच मऊ पडतं. तळण म्हणजे तेलात शिजवणं अशी माझी समजूत होती. निम्मं तरी ते वाळवणंच असतं, फक्त उन्हाऐवजी तेलात आणि दिवसभराऐवजी मिनिटभरात.

तळणीचं तेल उरलं की नवा गोंधळ सुरू होतो. कढईत वाटीभर तेल, त्यात पिठाचे कण. बायकोचं म्हणणं टाकून द्या, आईचं म्हणणं गाळून ठेव. टाकायचं म्हटलं तर कुठे? सिंकमध्ये ओतलं तर ते पाइपात थिजतं आणि खालच्या मजल्यांवर पाणी तुंबतं. आमच्या सोसायटीत यावरून लिफ्टमध्ये सूचना लागली आहे. हॉटेलांना तर २०१८ च्या जुलैपासून मर्यादाच आहे. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जी विघटित द्रव्यं तयार होतात, ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही आली. घरी ते टक्के कोण मोजणार? इथे आईचा कायदा सोपा आहे. तळणीचं तेल गार झालं की फडक्यातून गाळायचं, पुन्हा तळायला घ्यायचं नाही, चार-सहा दिवसांत फोडण्यांना संपवायचं. तेल काळपट झालं, चिकट लागलं किंवा तापताना नेहमीपेक्षा आधी धुरावलं तर ते गेलं. आणि मुळात कढईत तेल थोडंच घ्यायचं, म्हणजे उरण्याचा प्रश्नच लहान होतो. मी लहान, खोल कढई घेतली ती याच कारणाने.

कढीपत्त्याचाही बंदोबस्त करायचा ठरवलं. सोसायटीच्या बागेत एक झाड आहे आणि त्याच्यावर ‘पाने तोडू नयेत’ अशी पाटी. पाटीच्या उंचीपर्यंत झाडाला पान नाही. ग्रुपवर यावरून दर महिन्याला भांडण होतं. बुंध्यापासून निघालेलं एक बारकं रोप माळीदादांनी मुळासकट काढून दिलं, ते मी बाल्कनीत लावलं. पहिल्या वर्षी ते फार वाढत नाही, हे आजींनी आधीच सांगितलं होतं. शेंडा खुडत राहिला की मग फुटवे येतात. बागेतल्या झाडावर अधूनमधून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती लिंबू फुलपाखराची. लिंबाच्या कुळातलं झाड तिलाही ओळखू येतं. बाराव्या मजल्यावर अजून ती आलेली नाही. माझ्या रोपाला एकूण सहा काड्या आहेत, त्यामुळे चिवड्याच्या दिवशी अजून आजींकडेच जावं लागतं.

दिवाळीआधी नागपूरला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर बायकोला चिवड्याचा डबा पाठवला. तिचा फोन आला. ‘अहो, पानं काय कुरकुरीत झालीत! आईंच्या हातची वाटतात. मीठ मात्र कमी आहे.’

मिठापाशी माझी सगळी विद्या संपते. ते तडतडत नाही, फेसाळत नाही, त्याला वास नाही, रंग बदलत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, ‘हाताला कळतं.’ माझ्या हाताला कळत नाही. म्हणून मी एक डिजिटल काटा आणला आहे. अर्धा किलो पोह्यांना १२ ग्रॅमपासून सुरुवात केली, आता १५ वर आहे, आणि दर वेळचा आकडा, टॉलरन्ससकट, फ्रिजच्या दारावर लिहून ठेवतो. कोरेगावला जाणाऱ्या व्हिडिओत काटा येणार नाही, याची काळजी मुलगा घेतो.